सध्या पंतप्रधान कोणी नाही

सासऱ्यांना डॉक्टरकडे मी एकटाच घेऊन जाईन असं मी म्हणालो, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. शशिकलाच्या शाळेत सहामाही परीक्षा चालू होती, तिला रजा मिळेना, म्हणून मी म्हणालो, "अगं, त्यात काय, मी नेतो." आमच्या संसारात "त्यात काय" म्हणून मी जी जी कामं अंगावर घेतली त्यांचं पुढे काय झालं, हे माझ्या बायकोला पाढ्यासारखं पाठ आहे. तरी तिने मला जाऊ दिलं, यावरून ती किती अडचणीत होती ते लक्षात यावं.

माझे सासरे उदयसिंह सरनाईक यांनी मुंबईतल्या एका कॉलेजात आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. संस्कृतपेक्षा मार्क बरे पडतात म्हणून मुलं फ्रेंच घेत आणि निकाल लागला की विसरून जात. बाबा विसरले नाहीत. स्वतः एकदाही फ्रान्सला गेले नाहीत, पण तिथे कुठल्या खात्याला कोण मंत्री आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं त्यांना आपल्या भावकीसारखं माहीत. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला आले आणि आमच्या हॉलमध्ये फ्रान्स आला. पहाटे दूधवाल्याच्याही आधी त्यांच्या टॅबवर फ्रेंच रेडिओ सुरू होई. ("माझ्या घरात रोज पहाटे एका फ्रेंच बाईच्या आवाजाने मला जाग येते," असं मी एकदा यार्डात सहज बोलून गेलो, तर पुढे बरेच दिवस माझ्याकडे वेगळ्याच आदराने पाहिलं जात होतं. मी द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळतो. तिथे आदर मिळण्याचे प्रसंग कमी.)

रात्री जेवताना बाबा फ्रान्सची हकिकत सांगत. मी "अरे वा" आणि "अरेरे" आलटून पालटून म्हणत असे. बहुतेक वेळा बरोबर जागी पडत.

पण अलीकडे काही गोष्टी घडल्या होत्या. एकदा दूध गॅसवर ठेवून ते विसरले, पातेलं जळून काळं झालं. एकदा मला त्यांनी दोन वेळा "चहा झाला का" विचारलं, तेव्हा चहाचा कप माझ्या हातातच होता. आणि सप्टेंबरात, आम्ही दोघं कामावर असताना, ते खाली पेपर आणायला म्हणून उतरले, उरणच्या एसटीत बसले आणि पार मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन पोचले. तिथल्या एका भल्या माणसाने त्यांच्या खिशातली फोन नंबरची चिठ्ठी पाहून शशिकलाला फोन केला. बाबा बाकावर बसून मुंबईच्या लाँचची वाट बघत होते.

"बाबा, कुठे निघाला होतात?" शशिकलाने विचारलं.

"समुद्र बघायला आलो होतो," बाबा म्हणाले.

मांडीवर कॉलेजची जुनी बॅग होती. समुद्र बघायला बॅग लागत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. येताना गाडीत शशिकला खिडकीबाहेर बघत होती आणि मी उगाचच रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत होतो.

म्हणून डॉक्टर.

डॉक्टर रंजिता वयाने लहान, बोलायला गोड. त्या दिवशी सोमवार होता. त्यांनी बाबांना समोर बसवलं.

"आजोबा, आज वार कोणता?"

"सोमवार. कोजागिरी आहे."

"आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

"पनवेल. दुसरा मजला. लिफ्ट बंद आहे, हिच्यामुळे निम्मे पेशंट जिन्यातच बरे होत असतील."

डॉक्टर हसल्या. मीही अभिमानाने हसलो, जणू हे वाक्य मीच शिकवून आणलं होतं.

"छान. पंतप्रधान कोण आहेत?"

बाबांनी घड्याळ पाहिलं. "सध्या कोणी नाही."

"म्हणजे?"

"राजीनामा दिला. आपल्याकडे दुपार होती, तिकडे सकाळ."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"पॅरिसला. तुम्ही आपल्याकडचे विचारताय का? आपले आहेत की. परवा विमानतळाच्या उद्घाटनाला इथेच येतायत. मी फ्रान्सचं म्हणतोय. काल रात्री मंत्रिमंडळ जाहीर केलं आणि आज सकाळी पंतप्रधानांनीच राजीनामा दिला. मंत्री रात्री झोपले ते मंत्री म्हणून, आणि उठून चहा घेतात तोवर माजी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आता इथे मी "मला माहीत नाही" एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्द, आणि तिन्ही खरे. पण पांढऱ्या कोटातलं माणूस माझ्याकडे माहितीसाठी बघतंय, असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

"असं काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, असं जाणवलंय का तुम्हाला?"

"हो!" मी जवळजवळ ओरडलोच. "फ्रान्सच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला, हे ते वर्षभरात तिसऱ्यांदा सांगतायत. मागच्या डिसेंबरात सांगितलं, गेल्या महिन्यात सांगितलं, आणि आज पुन्हा."

"तीनदा दिला," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हणजे तिघांनी दिला."

डॉक्टर भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदा बघून घ्या ना फोनवर." मी बघितलं. मी मराठीत टाइप केलं आणि पहिली जी बातमी आली ती उघडली. पंतप्रधान पायउतार, नव्या पंतप्रधानांची नेमणूक. बातमी गेल्या महिन्यातली होती. मी विजयी मुद्रेने फोन डॉक्टरांपुढे धरला. "हे बघा. गेल्या महिन्यात झालंय हे. बाबा तिथेच अडकलेत."

बाबांनी चष्मा वर करून स्क्रीन वाचली. "हे आधीचे. मी सांगतोय ते नंतरचे."

मी आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. 'हे आधीचे, ते नंतरचे' या वाक्यात चूक काहीच नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरसमोर बसून ते म्हणून बघा.

डॉक्टरांनी गॅसचं आणि मोऱ्याचं विचारून घेतलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना दिवसभर एकटं ठेवू नका. बातम्या थोड्या कमी करा, मन त्यातच गुंतलंय. घरी कोणी नसतं म्हणालात ना? मग काहीतरी सोय बघा."

संध्याकाळी मी हे शशिकलाला सांगितलं. ती आटीव दुधात वेलची घालत होती, तशीच थांबली.

"बाबा खरंच असं म्हणाले? रात्री मंत्रिमंडळ आणि सकाळी राजीनामा?"

"शब्दशः."

"तुम्ही नीट बघितलंत ना?"

"अगं, डॉक्टरांसमोर बघितलं."

तिचा चेहरा उतरला. आम्ही तिघं गॅलरीत दूध प्यायला बसलो. बाबा चंद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "मला विचारलं असतंत तर मी रेडिओ ऐकवला असता."

"बाबा, तो फ्रेंचमध्ये असतो," मी म्हणालो.

"हो. फ्रान्सचा आहे तो."

पनवेलजवळ नेरे गावातली जागा मीच शोधली. आमच्या यार्डातल्या एकाच्या ओळखीने कळलं की डोंगराच्या पायथ्याशी तुळशीराम म्हणून एक जमीनदार गृहस्थ आहेत, त्यांनी आपल्या फार्महाऊसवर वयस्कर माणसांची सोय केली आहे. शशिकला आधी नाहीच म्हणाली. मग मी गॅसवरच्या पातेल्याची आठवण करून दिली. मग मोऱ्याची करून दिली. शेवटी ती म्हणाली, "फक्त दिवाळीपर्यंत. परीक्षा संपली, सुट्टी लागली की घरी." मी लगेच हो म्हणालो. (या होकारात हॉलमधला सोफा परत मिळेल, सकाळी सहापर्यंत झोपता येईल, असले विचार नव्हते असं मी म्हणणार नाही. होते. मागच्या रांगेत बसले होते, पण हजेरीला होते.)

बुधवारी विमानतळाच्या उद्घाटनामुळे जड गाड्या बंद होत्या, यार्डात काम नव्हतं, म्हणून त्याच दिवशी, शशिकला शाळेतून आल्यावर, आम्ही बाबांना नेलं. रस्त्याला जागोजागी स्वागताचे फलक.

"कोण येतंय?" बाबांनी विचारलं.

"पंतप्रधान," मी म्हणालो.

"कुठले?"

मी शेजारी बसलेल्या शशिकलाकडे पाहिलं, 'बघ, मी सांगत नव्हतो?' अशा अर्थाने. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबा मात्र स्वतःशीच हसत होते. ती थट्टा होती, हे मला पुढे कळलं. माझी थट्टा झालेली मला नेहमीच पुढे कळते.

तुळशीराम साठीचा, उंच, पांढरा लेंगा-शर्ट, कानात बारीक बाळी. अंगणात आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाच-सहा म्हातारी माणसं रस्त्याकडे तोंड करून बसली होती. कोणाची गाडी आली की सगळी माना उंचावून बघत, आणि आपली नाही म्हटल्यावर माना खाली. मला त्यांच्याकडे फार वेळ बघवेना.

"तुमी काय काळजी करू नका, सायेब," तुळशीराम म्हणाला. "मास्तरांना आमी घरच्यासारका ठेवू."

"त्यांना बातम्या देऊ नका तेवढ्या," मी म्हणालो. टॅब मी घरीच कपाटात ठेवून आलो होतो.

निघताना शशिकलाने बाबांचे पाय धरले आणि ती उठेचना. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "सत्यजीतराव, गाडी हळू चालवा." बस. रागावले असते तर बरं झालं असतं. येताना शशिकला मागच्या सीटवर बाबांच्या जागी बसली, माझ्या शेजारी नाही. घरी पोचल्यावर मी सोफ्यावर पाय पसरले. पसरून काय करायचं ते मात्र सुचेना. दुसऱ्या दिवशी पहाटे मला फ्रेंच बाईशिवाय पाचलाच जाग आली.

शनिवारी सकाळी मी दाढी करत असताना फोन वाजला. तुळशीराम.

"सायेब, आला!"

माझ्या हनुवटीला ब्लेड लागलं. "कोण आला? बाबा कुठे आहेत?"

"मास्तर इथंच हाय. चाय पितान. तो आला."

"तो कोण?"

"जो गेलेला तोच! काल रातच्याला परत त्यालाच बसवला. मास्तर बुधवारपासून बोलत व्हते, दुसरा कोन गावायचा नाय म्हनून. तसाच झाला!"

"कोणाला बसवला? कुठे?"

"पंतप्रधान हो, फ्रान्सचा!"

मी टॉवेलने रक्त टिपत खुर्चीवर बसलो. माझ्या लक्षात सगळा प्रकार आला. बाबांच्या सहवासात तीन दिवस राहून तुळशीरामसुद्धा कामातून गेला होता.

"तुळशीराम," मी लहान मुलाशी बोलावं तसं म्हणालो, "सोमवारी राजीनामा दिलेला माणूस शुक्रवारी परत पंतप्रधान कसा होईल?"

"का नाय व्हनार? माज्या चुलतभावानं उपसरपंचकीचा राजीनामा दिलता. दुसरा कोनच उभा ऱ्हायला तयार नाय. मंग आमीच जाऊन त्याला परत बसवला. नारल पन पहिलाच वापरला."

"तुम्ही बाबांना बातम्या देऊ नका म्हटलं होतं ना?"

"आमी कुटं दिल्या? त्यांनीच आमाला दिल्या. माज्या फोनवर लावतात नि मराठीत सांगतात. सगली बसतात आयकायला. जोशीकाकू कोनाशी बोलत नवत्या, त्या पन बसतात."

मी फोन ठेवला आणि शशिकलाला गंभीरपणे सांगितलं की बाबांना तिथून हलवावं लागेल, कारण ती जागा चालवणाऱ्याचाच तोल गेला आहे. शशिकला पेपर तपासत होती. "तुळशीराम? ते तर चांगले शहाणे वाटले." मी म्हणालो, "हा आजार असाच असतो, आधी कळत नाही." (या विषयावर मी एका आठवड्यात केवढा अधिकार मिळवला होता!) दुसरी जागा शोधायला मी दुपारभर फोन करत बसलो. एका ठिकाणी तर मी "तुमच्याकडे मालक व्यवस्थित आहेत ना?" असंही विचारलं. त्यांनी फोन आपटला.

संध्याकाळी टीव्ही आवाज बंद करून चालू होता. नव्या विमानतळाची दृश्यं आठवडाभर चालली होती तीच पुन्हा चालली होती. खाली बातम्यांची पट्टी सरकत होती. शशिकलाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो, जरा इकडे या. ही पट्टी वाचा."

मी वाचली. "फ्रान्स: चार दिवसांपूर्वी राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांचीच पुन्हा नियुक्ती."

"परत वाचा. मोठ्याने."

पट्टी फिरून येईपर्यंत आम्ही दोघं टीव्हीसमोर उभे राहिलो. आली. मी मोठ्याने वाचलं. ती वर्गातल्या पोराकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या फोनवर शोधलं. इंग्रजीत. रविवारी रात्री मंत्रिमंडळ, सोमवारी सकाळी राजीनामा, शुक्रवारी रात्री पुन्हा तोच. डिसेंबरातला वेगळा, सप्टेंबरातला वेगळा. तिघांनी तीन राजीनामे. अक्षरन् अक्षर.

"तुम्ही डॉक्टरांसमोर बघितलं होतंत," ती म्हणाली.

"मराठीत बघितलं," मी म्हणालो.

त्या रात्री घरात भात लागला, आमटी अळणी झाली, आणि मी दोन्ही गोष्टींचं मनापासून कौतुक केलं. शशिकला जेवली नाही. बाबांच्या रिकाम्या कॉटवर बसून राहिली. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला तर म्हणाली, "माझ्या बापाला मी वेडा ठरवून टाकून आले. तुमच्यावर विश्वास ठेवून." मी तांब्या जरा सरळ केला.

रविवारी सकाळी आम्ही नेऱ्याला गेलो. यावेळी खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून नव्हत्या. गोल केला होता, मध्ये बाबा. हातात तुळशीरामचा फोन.

"...म्हणजे पंतप्रधान आले, पण मंत्री अजून यायचेत. आज यादी येईल बहुतेक," बाबा सांगत होते.

"आधीचेच घेतील?" एका आजींनी विचारलं. याच त्या कोणाशी न बोलणाऱ्या जोशीकाकू.

"काही घेतील. काही स्वतःच नको म्हणतील."

"शहाणे असतील ते," काकू म्हणाल्या.

मी पुढे झालो. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. "बाबा, माझं चुकलं. तुमचं सगळं बरोबर होतं."

"कशाचं?"

"फ्रान्सचं. राजीनाम्याचं."

"मग त्यात तुमचं काय चुकलं? तुम्ही थोडाच दिला होता?"

सगळी म्हातारी माणसं हसली. शशिकला हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "बाबा, घरी चला. आत्ताच्या आत्ता." तुळशीराम हिरमुसला. "यादी तरी लागू द्या, मंग न्या," म्हणाला. बाबांनी त्याला रेडिओ कसा लावायचा ते पुन्हा एकदा दाखवलं, आणि आम्ही निघालो.

यावेळी शशिकला बाबांच्या शेजारी मागे बसली. बाबा रंगात होते. कुठल्या पक्षाकडे किती बळ, कोण कोणाला पाडणार, सगळं सांगत होते. शशिकला "हो का?" "मग?" करत होती आणि मधूनच आरशातून माझ्याकडे अशी बघत होती, की मी गाडी चालवता चालवता लहान लहान होत गेलो. पण मला बरंही वाटत होतं. बाबा ठणठणीत आहेत, चूक माझी आहे. माझी चूक असण्याचा मला सराव आहे. याहून सोपी बातमी काय असणार?

पनवेलमध्ये शिरताना फुलवाल्यांपाशी गाडी हळू झाली. बाबा बोलता बोलता थांबले.

"शशी, एक गजरा घेऊ या. तुझ्या आईला न सांगता चार दिवस बाहेर राहिलो. चिडली असेल."

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. अग्नी बाबांनीच दिला होता.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी गाडी कडेला घेतली. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही. दार उघडल्याचा आवाज आला. शशिकला उतरली, तिने गजरा घेतला, आणि परत येऊन बाबांच्या हातात दिला.

"मोगऱ्याचा आहे ना?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

"तिला अबोली चालत नाही."

घरी आल्यावर ते सोफ्यावर गजरा हातात धरून बसले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की तिकडे बघत. असा तास गेला असेल. मग शशिकलाने तो हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या केसात माळला. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"आवडला का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मग ते शांतपणे झोपले. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आतून शशिकलाचं मुसमुसणं ऐकू येत होतं. शेवटी मी जाऊन नुसता तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "बाबा बरे आहेत याचा आनंद मला नेऱ्यापासून फुलवाल्यापर्यंत मिळाला."

आम्ही डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फ्रान्सबद्दल बाबांची माफी मागितली (बाबा म्हणाले, "काही हरकत नाही, तिथल्या लोकांनाही पटत नव्हतं"), पण सल्ला तोच राहिला. एकटं ठेवायचं नाही. म्हणजे मी जे सांगितलं ते चूक होतं आणि त्यातून निघालेला निष्कर्ष बरोबर होता. जिना उतरताना मी हे शशिकलाला दबक्या आवाजात सुचवून पाहिलं.

"रीत चुकली आणि उत्तर चुकून बरोबर आलं," ती म्हणाली, "तर मी मार्क देत नाही."

दिवसा बाबांजवळ थांबायला तुळशीरामनेच गुणाबाईला धाडलं. ती नेऱ्याकडून रोज सकाळी येते, आम्ही कामावरून परत आलो की जाते. बाबा तिला फ्रेंच शिकवतात. आता आमच्याकडे दार उघडलं की "बोंजूर सायेब, चपला भायेर काढा" असं ऐकू येतं. टॅब मी कपाटातून काढून त्यांच्या उशाशी ठेवला. फ्रेंच बाई पहाटे परत बोलू लागली.

पण थंडी पडता पडता जेवणातला फ्रान्स कमी होत गेला. मी आता "अरे वा" आणि "अरेरे" घेऊन तयार बसतो, आणि त्यांचा उपयोग होत नाही. एकदा मीच विषय काढला. हल्ली मी इंग्रजीत वाचून ठेवतो, तारीख बघून. म्हणालो, "बाबा, सरकार टिकलं बरं का अजून."

"कोणाचं?" बाबांनी विचारलं. यावेळी थट्टा नव्हती. मी निरखून पाहिलं, नव्हती.

गेल्या रविवारची गोष्ट. यार्डातल्या एकाच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून मी नवा शर्ट घालून, भांग पाडून हॉलमध्ये येऊन बसलो. शशिकलाची तयारी चालली होती. आम्ही दोघं जाणार म्हणून त्या रविवारीही गुणाबाईला बोलावून घेतलं होतं, तिने माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. समोर बाबा. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, शर्टाची गुंडी लावली आणि ताठ बसले.

"यायला त्रास नाही ना झाला?" त्यांनी अदबीने विचारलं.

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. शशिकला दारात उभी होती. तिने मान हलवून खूण केली, बोला.

"नाही," मी म्हणालो.

"काय करता आपण?"

"कंटेनर यार्डात आहे. कागदपत्रं बघतो."

"हं." हा 'हं' मी पूर्वी एकदा ऐकला होता, पण तेव्हा तो इतका लांब नव्हता. "वाचनाची आवड?"

"थोडीफार. बातम्या वगैरे."

"एखादी परकी भाषा येते?"

"बोंजूर," मी म्हणालो.

बाबांनी डोळे मिटून घेतले. उच्चार त्यांना लागला असावा. मग ते विचारात पडले. एकदा दाराकडे, शशिकलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे. सभ्य माणूस, समोरच्याचं मन दुखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"पोहे घ्या ना," ते म्हणाले. मग हात जोडून उठले. "बरं. आम्ही विचार करून कळवतो."

मुलीच्या बापाने 'कळवतो' म्हटलं की काय समजायचं असतं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. शशिकला पदर तोंडाला लावून आत पळाली. कितीतरी महिन्यांनी मी तिला अशी हसताना ऐकलं, भिंतीला धरून.

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. काल मी बाबांपुढून दोनदा मुद्दाम गेलो, पण त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. शशिकला म्हणते, महिनाभर वाट बघा, नाहीतर दुसरी स्थळं बघायला तिची काही हरकत नाही.